आठव्या लाइनीवरची अक्षरं

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी सांगायला नको. सव्विसाव्या वर्षी तर तो फारच होता, आणि त्यातून मला माझं काम येत होतं. रामदासपेठेतल्या आमच्या दुमजली ऑफिसात ते दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे माझं नाक कायम वर. ऐंशीच्या दशकात नागपुरात कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरून बोलायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे परीक्षांचे अर्ज यायचे, गठ्ठेच्या गठ्ठे. त्यांवरची नावं, विषय, केंद्र हे सगळं कॉम्प्युटरात भरायचं काम खालच्या हॉलमध्ये चाले. तिथे भिंतीला लागून ओळीने आठ टर्मिनलं, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड, होती आणि त्यांच्यापुढे आठ जणी बसत. खिडकीत एक मोठा कूलर. कॉम्प्युटर मात्र वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, एसीत. माझी खुर्चीही तिथेच. हॉलमधल्या आठही टर्मिनलांच्या वायरी छतातून वर येऊन कॉम्प्युटरातल्या एकाच कार्डाला, म्हणजे सर्किटच्या एका पाटीला, जोडलेल्या होत्या. मी सांगणार आहे ते सगळं त्या एका कार्डामुळे घडलं.

कार्ड एकीकडून घेतलेलं, कॉम्प्युटर दुसरीकडून. दोघांचं जमेना. म्हणून त्या कार्डाचा ड्रायव्हर मी लिहिला. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा एक छोटा भाग. एखाद्या यंत्राला कसं वागवायचं हे फक्त त्याला ठाऊक असतं. बाकीच्या कॉम्प्युटरने 'अक्षर दे' एवढंच म्हणायचं, ते कार्डाकडून कसं काढून घ्यायचं हे ड्रायव्हरने पाहायचं. सगळं सुरळीत चालू असताना हे काम कुणीही लिहील. दमछाक होते ती यंत्र चुकल्यावर काय करायचं ते लिहिताना. आणि आमचं कार्ड चुकायचं. वायरीत कुठून तरी वीज फुरफुरली की एखाद्या लाइनीवर वेडंवाकडं अक्षर येई, आणि कार्ड तोंड मिटून बसे. मग खालून आरोळी, "मॅडम, अटकलं!" की मी जिन्याने खाली, परत वर.

ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन आठवडे जिने चढून मी वैतागले आणि ड्रायव्हरमध्येच उपाय लिहिला. चूक दिसली की कार्ड रीसेट करायचं, म्हणजे त्याला सगळं विसरायला लावून नव्याने सुरू करायचं, आणि मग आठही लाइनी पहिलीपासून एकेक करून पुन्हा जागेवर बसवायच्या. हे सगळं निमिषात. मी खाली एका टर्मिनलवर बसून, मुद्दाम चुका घडवून, तपासून पाहिलं. झकास चाललं. आरोळ्या थांबल्या. साहेब पाहुण्यांना घेऊन वर यायचे आणि सांगायचे, "आमच्या मॅडमनं असं करून ठेवलं आहे की मशीन पडते अन् आपल्या आपण उठते. कोणाले पत्ताबी लागत नाही!"

पत्ता लागत नाही, हीच माझी तेव्हाची मिरवायची गोष्ट होती.

त्यानंतरच्या थंडीत खाली एक नवी मुलगी लागली. वय एकवीस-बावीस, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. खापरखेड्याहून रोज बसने यायची. तिचे सासरे तिथल्या वीजकेंद्रात कामाला होते, कॉलनीत क्वार्टर होतं. दोन्ही हातांत मनगटभर हिरव्या बांगड्या, बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागे. नवी म्हणून तिला आठवं, कोपऱ्यातलं टेबल मिळालं. सहा महिने काम पाहून मग तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं.

तिचं टायपिंग मात्र बघत राहावं असं. नजर अर्जावर खिळलेली आणि बोटं आपली चालू. पडद्याकडे ती बघायचीच नाही. बाकीच्या सात जणी अक्षर दाबायच्या, पडद्यावर बघायच्या, मग पुढचं दाबायच्या. ही पान उलटताना तेवढी मान हलवायची. आमच्या सुपरवायझर बाई केस पिकलेल्या, कडक, स्तुतीच्या बाबतीत हात आखडता असलेल्या. छापून आलेल्या याद्या अर्जांशी ताडून चुकांवर लाल खूण करणं हे त्यांचं काम. त्या एकदा वर येऊन मला म्हणाल्या, "पोट्टी सोन्याची आहे मॅडम. तिच्या लिस्टीले लाल पेन लावाच लागत नाही."

एप्रिल लागला आणि ही सोन्याची पोट्टी बिघडली. नावांतून अक्षरं गळायला लागली. एखादं इथे, एखादं तिथे, पण रोज. गोवर आल्यासारखं तिच्या यादीचं पान लाल दिसायला लागलं. बाकीच्यांच्या याद्या जवळपास पूर्वीसारख्याच होत्या. मधूनमधून त्या "की अटकते वाटते" असं म्हणायच्या, पुन्हा दाबायच्या आणि पुढे जायच्या. मी त्यावर "कीबोर्ड पुसत जा" म्हणून मोकळी झाले होते.

हॉलमध्ये जिच्या तिच्याकडे कारण तयार होतं. घरी काही झालं असेल. दिवस गेले असतील. एवढ्या उन्हात बसने यायचं म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं का कुणाचं? सगळ्यांना तिची दया येत होती, पण चूक तिचीच याबद्दल कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती.

मे महिन्यात तिची एक अख्खी यादी चुकांपायी परीक्षा मंडळाकडून परत आली. साहेब माझ्यावर चिडले, आणि मी तो सगळा राग घेऊन जिना उतरले. थेट आठव्या टेबलाशी गेले आणि भर हॉलमध्ये तिला विचारलं, "तुझं लक्ष असतं कुठे? पोरांची नावं आहेत ही. उद्या मार्कशीटवर अर्धंच नाव आलं तर काय करायचं त्यांनी?"

"मी तं बरोबरच दाबून राहिली मॅडम," ती म्हणाली.

"म्हणजे कॉम्प्युटर खोटं बोलतो?"

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण तिचे हात कीबोर्डवर होते आणि बांगड्या समोर दिसत होत्या. "आणि ह्या एवढ्या बांगड्या! ह्याच आपटत असतील. कामाच्या वेळी काढून ठेवत जा."

लग्नाला वर्ष न झालेल्या बाईला हातातल्या काचेच्या बांगड्या काढ म्हणणं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. माझ्या आईने ऐकलं असतं तर माझ्या मुस्कटात दिली असती. पण रागात माझी जीभ माझ्या ताब्यात नसे, आणि एकदा बोलल्यावर माघार घ्यायची सवय तर मुळीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती आल्या आल्या बांगड्या उतरवून रुमालात बांधायची आणि संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर पुन्हा चढवायची. काचेच्या बांगड्या रोज काढायच्या-घालायच्या म्हणजे हात सोलवटून निघतो. दोन-तीन वाढल्यासुद्धा. शिवाय ती आता प्रत्येक अक्षर ओठांत पुटपुटून दाबू लागली. बोटांवरचा तिचा भरवसाच उडाला होता. वेग अर्ध्यावर आला. चुकाही थोड्या कमी झाल्या, आणि मी मनात म्हटलं, बघा, बांगड्याच होत्या.

कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. मे संपता संपता सुपरवायझर बाईंनी कागद लिहिला: कायम करू नये. तो साहेबांच्या टेबलावर ठेवून त्या वर माझ्याकडे आल्या आणि उगाच दारात घुटमळल्या.

"मी लिहून तं दिलं," त्या म्हणाल्या, "पण मन मानत नाही माह्यं. तुम्ही एकदा तिच्यामागं बसून पाहा ना. एकदाच."

खरं सांगायचं तर मी बाईंचं समाधान करायला गेले. दुपारची तीनची वेळ. मी स्टूल घेऊन तिच्या मागे बसले. तिची पाठ ताठ झाली, ते मला दिसलं. ओठांत एकेक अक्षर म्हणत ती एका मुलाचं नाव भरत होती. तेवढ्यात बाई उठल्या आणि त्यांनी कूलरचा पंप चालू केला. ही हॉलमधली रोजचीच रीत होती. पंप सतत चालू ठेवला की अर्ज दमट होऊन एकमेकांना चिकटत, बंद ठेवला की बायका भाजून निघत. म्हणून बाई थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असं दिवसभर करत बसायच्या. बटण दाबलं, पंप घरघरला, आणि त्याच क्षणी माझ्या डोळ्यांदेखत तिचं बोट एका कीवर पूर्ण खाली गेलं, ओठांतून अक्षर उमटलं, आणि पडद्यावर काहीच आलं नाही. पुढचं अक्षरही आलं नाही. तिसरं आलं.

"अटकली वाटते," तिसऱ्या टेबलावरची बाई म्हणाली, आणि तिने की पुन्हा दाबली. आठव्या टेबलावरची अर्जाकडे बघत पुढे गेली.

जिना चढायच्या आधीच मला सगळं कळलं होतं. पहिल्या टर्मिनलची वायर कूलरच्या मागून गेलेली. पंप सुरू झाला किंवा बंद झाला की त्या वायरीत खरखर, पहिल्या लाइनीवर चूक, आणि माझा ड्रायव्हर ती चूक निस्तरायला अख्खं कार्ड रीसेट करणार. म्हणजे आठही लाइनी बंद. मग पहिली जागेवर, दुसरी जागेवर, असं करत आठवी सगळ्यात शेवटी. तोवर आठव्या लाइनीवर जे दाबलं जाईल ते कुठेच जात नव्हतं. वेळ अगदी थोडा, सेकंदभराचा वगैरे. ज्यांची बोटं सावकाश चालतात आणि डोळे पडद्यावर असतात, त्यांना फार तर एक अक्षर पुन्हा दाबावं लागे. जिची बोटं सगळ्यात चपळ आणि जी पडद्याकडे बघतच नाही, तिची अक्षरं गळत होती. थंडीत कूलर बंद होता, म्हणून थंडीत ती सोन्याची होती.

आणि मी ते तपासलं कसं होतं? एकटीने. सात टर्मिनलं बंद, एकावर मी. आठ जणींसाठी लिहिलेली गोष्ट मी एकटी बसून तपासली आणि झकास म्हणून उठले. किती वेळा रीसेट झालं ते मोजणारी एक जागा मी ड्रायव्हरमध्ये गंमत म्हणून ठेवली होती, आणि थंडीनंतर ती उघडून पाहिलीच नव्हती. त्या दुपारी पाहिली. तो आकडा इथे लिहीत नाही, लाज वाटते.

दुरुस्ती फार मोठी नव्हती, याचं जास्त वाईट वाटलं. कार्डाच्या पुस्तकात लिहिलेलंच होतं की एखाद्या लाइनीची चूक तेवढ्यापुरती पुसता येते, बाकीच्या सात लाइनींना हात न लावता. मी ते पान वाचलंही होतं. पण सगळं पाडून पुन्हा उभं करणं लिहायला सोपं होतं. मी बदल केला, आणि चालतोय अशी खात्री होईपर्यंत खाली हॉल रिकामा झाला होता.

स्टुलावर बसले होते तेव्हाच मी तिला का सांगितलं नाही? मी स्वतःची समजूत घातली की आधी खात्री करून घ्यावी. पण ते खोटं आहे. सगळा हॉल ऐकत होता आणि माझी जीभ रेटेना. ओरडताना हीच जीभ किती सरसर चालली होती!

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग बाईंनी सांगितलं, की बसमध्ये बांगड्या चढवताना तिला शेजारच्या क्वार्टरमधल्या कुणीतरी पाहिलं आणि गोष्ट सासूच्या कानावर गेली. घरात ठरलं, की जे काम जमतही नाही आणि ज्याच्यापायी सवाष्ण बाईला हात रिकामे करावे लागतात, ते करायचंच नाही.

मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दुरुस्त झालं ना? मग झालं. तिले ठेवून घेऊ आपण. पण लिहून काहून देता जी? आपल्याच मशीनचं नाव खराब होईन."

मी लिहून दिलं. चार ओळी: आठव्या टर्मिनलवरच्या याद्यांतल्या चुका भरणाऱ्या बाईंच्या नव्हेत, माझ्या ड्रायव्हरच्या आहेत. खाली सही. सुपरवायझर बाईंनी आपला कागद माझ्यासमोर टराटरा फाडला आणि माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर पाहुण्यांना काचेची खोली दाखवायला साहेब फारसे आले नाहीत. कागद झाला, सही झाली, पण जिच्यासाठी हे सगळं केलं ती घरीच बसून होती.

रविवारी मी खापरखेड्याची बस धरली. कोराडी मागे पडली, खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तसा माझा धीर सुटत गेला. कॉलनीत सगळी क्वार्टरं सारखी, झाडांच्या पानांवर राखेची पूड. विचारत विचारत गेले. दार तिनेच उघडलं. माझ्याकडे पाहून ती इतकी घाबरली की मला स्वतःची किळस आली. ऑफिसातून कुणीतरी घरापर्यंत बोलायला आलं, असंच तिला वाटलं असणार.

"बसा जी," सासरे म्हणाले. उंच, बनियनवर टॉवेल टाकलेले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराआड. सून भिंतीला टेकून उभी.

मी सांगायला सुरुवात केली. ड्रायव्हर, कार्ड, लाइनी हे सगळं ह्यांना कसं समजावायचं याची मी बसमध्ये उजळणी केली होती. ती काही कामाला आली नाही, कारण सासऱ्यांना दुसऱ्याच वाक्याला समजलं. त्यांची उभी नोकरी वीजकेंद्राच्या स्विचयार्डात, जिथून विजेच्या लाइनी बाहेर निघतात तिथे, गेली होती.

"म्हणजे एका लाइनीवर फॉल्ट आला अन् तुम्ही आठही पाडल्या."

"हो."

"आमच्याकडे ज्या फीडरवर फॉल्ट, तोच फीडर पाडतात. अख्खं यार्ड नाही पाडत कोणी."

"आता तसंच केलंय."

"अन् पाडलंच कधी, तं लॉगबुकात लिहा लागते. किती वाजता पाडलं, काहून पाडलं, ड्युटीवर कोण होतं. तुमच्याकडे कुठं लिहिलं होतं?"

"कुठेच नाही."

"काहून?"

कॉलेजात मला कुणी इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. "कुणाला कळू नये, असंच वाटत होतं मला," मी म्हणाले. "पडलं तरी कुणाला कळत नाही, याचाच मला अभिमान होता."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "आमच्याकडे असं केलं असतं तं चार्जशीट भेटली असती," ते म्हणाले, पण रागाने नाही. सोमवारी मी पहिलं काम केलं ते ड्रायव्हरला लॉगबुक जोडण्याचं. त्यानंतर माझ्या कुठल्याही ड्रायव्हरने गुपचूप काही रीसेट केलं नाही. वेळ आणि कारण आधी लिहायचं, मगच.

मग ते स्वयंपाकघराकडे वळले. "ऐकलं का वं? पोरीचं काही चुकत नव्हतं."

आतून आधी भांड्याचा आवाज, मग, "अन् बांगड्या?"

"त्या मी काढायला लावल्या," मी म्हणाले. "तिने माझं ऐकलं, एवढंच. बोलायचं ते मला बोला."

सासूबाई बाहेर आल्या. मला वाटलं, आता खरंच बोलतील, आणि मला ते हवंच होतं. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं, आत गेल्या, आणि पन्ह्याचा पेला आणून माझ्यापुढे ठेवला. "घ्या. उन्हाच्या आल्या तुम्ही." सासरे बायकोला म्हणाले, "उद्या डबा लवकर करजा. सातची बस आहे तिची." सुनेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिने मात्र पदर डोळ्यांना लावला आणि आत निघून गेली.

परत निघताना ती मला बसपर्यंत सोडायला आली. बस थांबत होती तिथे कडुनिंबाची थोडी सावली होती, तिच्यात उभ्या राहिलो. माझ्या तेव्हा लक्षात आलं, की मी साहेबांना सांगितलं, बाईंना सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं, सासूबाईंनाही सांगितलं. हिला एकटीला काहीच म्हटलेलं नाही. घरातलं सगळं तिच्यादेखत, पण तिला नाही.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "ड्रायव्हरचं सोड. मी तुझ्यावर ओरडले, ते चुकलं. बांगड्यांचं बोलले, ते तर फारच. मला माफ कर."

ती खाली बघत होती. तिचे हात अजून सोलवटलेले होते.

"एक विचारू मॅडम?" ती म्हणाली. "त्या दिवशी ओरडल्या तुम्ही, तेव्हा तुम्हाले खरंच वाटत होतं का, का माह्यंच चुकते म्हणून?"

खोटं बोलून तिला बरं वाटलं असतं का, कोण जाणे. "हो," मी म्हणाले. "खरंच वाटत होतं."

तिने मान हलवली. "मग मी तुमच्यावर राग नाही धरत," ती म्हणाली. "मलेबी तसंच वाटे."

बस आली. मी चढले, जागा मिळाली, बसले. कुठे जायचं ते कंडक्टरला दोनदा विचारावं लागलं, मग मी नागपूर म्हणाले.